माझा अर्धा दोष परत द्या

"बंद करा! अहो, बंद करा म्हणते न!" तुम्ही जिन्यावरून ओरडत होतात आणि मी दोन्ही कॉक कधीच बंद केलेले होते. तरी पाणी येतच होतं. बॉयलरच्या बाजूच्या तांब्याच्या नळीतून कढत पाणी तळघराच्या फरशीवर आदळत होतं, वाफेनं समोरचं काही दिसत नव्हतं आणि वरच्या मजल्यावर आपली नात जुई एकटी रडत होती. मी म्हटलं, "बंदच आहेत!" तुम्ही म्हणालात, "मग काहून येऊन राहिलं?" ते मला माहीत असतं तर मी तिथे पातळ खोचून भुतासारखी उभी राहिले असते का?

मग तुम्ही खाली उतरलात. पायात चपला नाहीत, नुसते लोकरीचे मोजे. तशाच त्या पाण्यातून माझ्यापर्यंत आलात, दंडाला धरलंत आणि ओढत मला जिन्यावर आणलंत. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर लाल बटण होतं, ते त्यानंतर दाबलंत. बॉयलर घुरघुरला आणि गप्प झाला. आधी बटण दाबायचं आणि मग मला ओढायचं, हे मी तुम्हाला पुढे कितीदा ऐकवलं. तुम्ही म्हणायचात, "बटण कुठं पळून जात होतं?"

परवा तुमच्या शोकसभेला सगळे कॉम्प्युटरवर जमले होते. नागपूरचे तुमचे शेजारी, तुमच्या शाळेतल्या बाया, इकडच्याच प्लेनो गावातला तुमचा भाचा, आणि या घरातून मी आणि माझा नितीन. जो तो सांगत होता, प्रमिलाताई किती शांत, किती सोशिक. मी ऐकत होते. तुम्ही सोशिक? भाजीत मीठ कमी पडलं तर मिठाचा डबा माझ्यापुढे आणून आपटणाऱ्या तुम्ही. बस उशिरा आली की ड्रायव्हरला मराठीत ऐकवणाऱ्या तुम्ही, आणि तो बिचारा तुम्हाला थँक्यू म्हणायचा. माणूस गेलं की लोक त्याला धुऊन, पिळून, पांढरं करून वाळत घालतात. ओळखू येत नाही.

मग भाच्याने तो किस्सा काढला. "मावशीने आमच्या जिजूंचं घर ऑलमोस्ट उडवलं होतं, यार! बॉयलरमध्ये पाणी भरत बसली, भरत बसली आणि ढुम्म!" सगळे हसले. डोळे पुसणारेही हसले. माझ्या शेजारी बसलेला माझा मुलगाही हसला.

ढुम्म काही झालं नव्हतं. आणि एकट्या तुम्ही भरलं नव्हतं. मीही भरलं होतं. हे मी त्याच दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यानंतर दर हिवाळ्यात सांगत आले. कुणी मनावर घेत नाही. परवाही मी बोलायला लागले तर नितीन म्हणाला, "आई, तू म्यूटवर आहेस." त्याने ते काढेपर्यंत तुमच्या शाळेतल्या एक बाई भजन म्हणायला लागल्या होत्या.

आणि तुम्ही गेलात हे मला या घरात सगळ्यांच्या शेवटी कळलं. तुमच्या लेकीने, केतकीने, बॅग भरली, मला सांगितलं कॉन्फरन्सला चालले. तिचे डोळे सुजलेले होते, ती म्हणाली सर्दी आहे. तिकडे तुम्हाला अग्नी दिल्यावर नितीन माझ्यापुढे येऊन बसला. "तुझं बीपी वाढलं असतं, आई." म्हणजे माझ्या विहिणीचं मरण मला झेपेल की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याला मी चालायला शिकवलं तो. मी त्याला म्हटलं, बीपीचं सोड, माझं भांडण राहिलंय त्यांच्याशी, ते आता कुणाशी करू? तो पाणी आणायला उठला. यांना काही सुचलं नाही की हे पाणी आणतात.

म्हणून इथे भांडते. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चार शब्द लिहा म्हणाले, ते चार शब्द हेच.

तुमची केतकी, माझा नितीन. जुई झाली तेव्हा इथल्या सगळ्या मराठी घरांत ठरतं तसंच आपलंही ठरलं. सहा महिने मुलीची आई, सहा महिने मुलाची आई. एकीचा व्हिसा संपत आला की दुसरीने यायचं, ऑफिसात चार्ज देतात तसं पोर ताब्यात घ्यायचं. त्या हिवाळ्यात तिकिटं अशी मिळाली की काही आठवडे आपण दोघी एका घरात आलो. दोन विहिणी, एक ओटा. मी तुमच्या फोडणीला नावं ठेवली, तुम्ही माझ्या भाकरीला. तुम्ही म्हणालात, "आपण आता एका घरातल्या, मला अगंतुगं करा न." मी केलं नाही. विहिणीला अगंतुगं करत नाहीत. आजही करणार नाही.

हे ॲन आर्बरचं घर जुनं. खाली तळघरात बॉयलर. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं आणि परत खाली येतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. पण कुठेतरी जिरतं आणि दाब उतरतो, मग घर थंड पडायला लागतं. तेव्हा भिंतीजवळचे दोन कॉक उघडायचे, नळाचं पाणी थोडं आत सोडायचं, आणि बॉयलरच्या पुढच्या अंगाला तबकडी आहे तिचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की दोन्ही बंद करायचे. एवढंच काम.

नितीन ऑफिसच्या कामाला शॉमबर्गला निघाला तेव्हा हे त्याने तुम्हाला शिकवलं. तुम्हाला, कारण तुम्ही शाळेच्या मोठ्या बाई होतात. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेले तर म्हणाला, "आई, तू वरच थांब, पाय घसरेल." तुमचे पाय काय सिमेंटचे होते? मी चौथी शिकले. पण त्याला ज्या स्टोव्हवर दूध तापवून देत होते त्याला पंप मारायचा, पिन घालायची आणि भडका उडाला की हवा सोडायची हे चौथीतही शिकवत नाहीत आणि कॉलेजातही. दाब म्हणजे काय ते मला त्याच्या जन्माआधीपासून कळतं.

तो गेला आणि त्याची गाडी वळणापलीकडे जाते न जाते तोच तुम्ही म्हणालात, "चला खाली, तुम्हालाही दाखवते. मी पडले बिमार तर पोरगी थंडीत राहील का?" हे तुम्ही केलंत. हे मी विसरले नाही. एका शब्दाने माझं शिक्षण काढलं नाहीत. फक्त म्हणालात, "आडवा दांडा म्हणजे बंद, नळीच्या रेषेत म्हणजे चालू. जावयाला सांगू नका, त्यांना वाटेल मला एकटीला झेपत नाही."

पण त्या तळघरात एक गोष्ट होती जी त्याने तुम्हाला सांगितली नाही, कारण त्याला ती कधी दिसलीच नाही. कॉक मागच्या भिंतीला आणि तबकडी पुढे. तो ताडासारखा उंच. कॉकवर हात ठेवून मान वाकडी केली की त्याला काटा दिसतो. आपण दोघी बुटक्या. कॉकपाशी उभं राहिलं की समोर नुसता पत्रा. म्हणजे आपण भरायचो ते आवाजावर, अंदाजाने. भरायचं, पुढे येऊन बघायचं, परत मागे जायचं.

आणि अंदाज कुणाचा? आपला. माझ्या करमाळ्याकडे नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही. आलं की हंडे, कळश्या, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. भांडं अर्धं ठेवून नळ बंद करणारी बाई आपल्यात वेडी समजतात. हिरवा पट्टा आला तरी हात थांबत नाही. मन म्हणतं, आहे पाणी तर असू द्या थोडं वर.

त्या दिवशी सकाळी रेडिएटर कोमट लागले. बाहेर वादळ. बर्फ असा की समोरचं घर दिसेना. केतकी पहाटेच लॅबमध्ये गेली होती आणि तिकडेच अडकली होती. तुम्ही आंघोळीआधी गुपचूप खाली जाऊन पाणी भरून आलात, हिरव्याच्या टोकापर्यंत. मला बोलला नाहीत. मी जुईला झोपवलं आणि गुपचूप खाली जाऊन पाणी भरून आले, तुमच्या वर आणखी. तुम्हाला बोलले नाही. का? कारण या घरात आपली कुणाला तरी गरज आहे हे दाखवायची दोघींनाही घाई झाली होती. पोरगी जरा मोठी झाली की आपल्याला कुणी बोलावणार नाही हे दोघींना ठाऊक होतं. मग पाणी तापलं, फुगलं, काटा लालमध्ये गेला आणि सेफ्टीच्या झडपेने ते सगळं त्या तांब्याच्या नळीतून बाहेर टाकलं. कुकरची शिट्टी व्हावी तसं. पुढे मेकॅनिकने सांगितलं, तिने तिचं काम केलं. पण आत कचरा अडकला आणि ती नीट मिटली नाही. ठिबकत राहिली.

मी हे सगळं नितीनला सांगितलं होतं. यात न समजण्यासारखं काय आहे?

मग फोन. नितीन लागेना, त्याची मीटिंग. केतकी लागली. ती रडायलाच लागली. "आई, कशाला हात लावू नका! प्लीज! दोघीही! बस बंद आहेत, रस्ते बंद आहेत, मी कशीही येते." दुरुस्तीवाल्यांना तुम्ही इंग्रजीत फोन केलात, मला तुमच्या इंग्रजीचा तेव्हा फार आधार वाटला. ते म्हणाले, रस्ता उघडल्यावर. शेजारचे म्हातारा-म्हातारी हिवाळ्याला फ्लोरिडाला गेलेले. पलीकडच्या घरात विद्यार्थी, ते सुट्टीला गेलेले. घरात विजेचा एक छोटा हीटर होता तो केतकीने पायाशी ठेवायला लॅबमध्ये नेलेला. मी म्हटलं, पोलिसांना बोलवा, इथे बोलावतात म्हणे. तुमचा चेहरा उतरला. "आणि ते म्हणाले की पाच महिन्यांचं लेकरू दोन म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवलं, तर? घेऊन जातील तिला. जावयाचा व्हिसा जाईल." आपल्या दोघींच्या डोक्यात ही एकच भीती. आज लोक हसतात त्याला. हसा. आम्हाला कुणी सांगितलं होतं का, इथे पोलीस कधी येतात आणि काय करतात?

भिंतीवरचा तापमानाचा आकडा उतरत चालला. खिडकीच्या आतून बर्फाची नक्षी धरली. जुईचं नाक थंड लागायला लागलं. तिला दोन स्वेटर, टोपडं, वर माझी शाल. तरी हात गार. तुम्ही तिचे पाय तुमच्या पोटाशी धरून बसला होतात. मी म्हटलं, "काटा बघून येते." तुम्ही म्हणालात, "केतकीने सांगितलं न, हात लावू नका." मी म्हटलं, "बघायला हात लागत नाही."

काटा शून्यावर होता. पाण्याचा जोर ओसरल्यावर तुम्ही जिन्यातलं लाल बटण पुन्हा चालू केलं होतंत, पण बॉयलर पेटला नव्हता, त्याच्या काचेवर नुसता बिघाडाचा आकडा लुकलुकत होता. तुम्ही वरून ओरडून विचारलंत आणि मी ओरडून सांगितलं. तुम्ही जुईला घेऊन जिन्यात आलात. आणि तिथे आपलं भांडण झालं, आठवतं? तुम्ही म्हणालात, पुन्हा भरायला नको, पुन्हा फुटेल. मी म्हटलं, फुटलं नव्हतं, उतू गेलं होतं. दूध उतू गेलं म्हणून कुणी चूल सोडून देत नाही. तुम्ही म्हणालात, "काही झालं तर?" मी म्हटलं, "नाही केलं तर काय होणार आहे ते हिच्या हाताला हात लावून बघा."

तुम्ही तिच्या हाताला हात लावलात. मग म्हणालात, "मी काट्यापाशी उभी राहते. तुम्ही कॉकवर."

पण पोरगी कुठे ठेवायची? वर एकटी ठेवायची सोय नाही, खाली फरशी ओली. तेव्हा मला नितीनचा तो लोखंडी दांडा दिसला, व्यायामाला लटकायला तुळईला ठोकून घेतलेला. त्याला तो स्वतः एकदाच लटकला असेल. मी माझं जुनं सुती पातळ आणलं आणि झोळी बांधली. झोळीला या घरात बंदी होती. पोर सपाट गादीवर, पाठीवर, एकटं झोपवायचं हा केतकीच्या डॉक्टरचा नियम. तुम्ही झोळीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "केतकी आपल्याला दोघींनाही विमानात बसवते."

"बसवू दे. पोरगी गरम तर राहील."

दांड्याला आधी तुम्ही स्वतः लटकून बघितलंत, मोज्यांतले पाय उचलून. शाळेच्या मोठ्या बाई! हसू मला तेव्हाही आलं होतं, तुम्हाला दाखवलं नाही.

मी दोन्ही दांडे हळू, अगदी केसाएवढे फिरवले. नळीत सूं असा आवाज आला. तुम्ही तबकडीला डोळे लावून, "हलला. हलला. येऊन राहिला. अजून. अजून. हिरव्यात आला. बस!" मी बंद केले. "अजून थोडं?" मी विचारलं. सवयच. तुम्ही ओरडलात, "बस म्हटलं न! हा करमाळ्याचा नळ नाही!" मग बॉयलर पेटवायचं, जावयाने दाखवलेलं बटण तुम्ही दाबलंत. बॉयलर एकदा घुरघुरला, थांबला. पुन्हा दाबलंत. आतून फुप् असा आवाज झाला आणि तो चालू झाला. जुई झोळीत बोट चोखत होती.

ठिबक काही थांबली नव्हती. नळीखाली बादली लावली. काटा उतरला की भरायचं, उतरला की भरायचं. सबंध दुपार, संध्याकाळ होईपर्यंत. एकीने वर जाऊन बसता येत नव्हतं, कारण एकीला काटा दिसे आणि दुसरीला कॉक लागे. या कामाला दोन बायका लागत होत्या. म्हणून तिथेच बसलो, पायरीवर एक, उलट्या डब्यावर एक, आणि झोळीची दोरी आळीपाळीने. तोंडं रिकामी होती म्हणून लग्नातलं सगळं काढलं.

"रुखवतात तुमच्याकडचे लाडू दगडासारखे होते."

"आणि तुमच्या नणदेनं मानाची साडी परत केली, ते विसरल्या वाटतं? काटा उतरून राहिला, उठा."

"उठते. साडी परत नव्हती केली. बदलून मागितली. काटा सांगा."

"अजून. अजून. बदलून मागणं म्हणजे परत करणंच न. बस!"

ते कॉक फिरवता फिरवता लग्नाचं इतक्या वर्षांचं उणंदुणं निघून गेलं. पुढे आपण त्यावर कधी बोललो नाही, बोलायला उरलंच नाही.

केतकी अंधार पडता पडता चालत आली, गुडघाभर बर्फातून. तळघरात उतरली, झोळी बघितली आणि किंचाळली, "ओ माय गॉड, आई!" कोणत्या आईला ते कळलं नाही, दोघींनी मान खाली घातली. तिने पोर उचललं, छातीशी धरलं, आणि आपल्याला जे काही बोलली ते तिलाही नंतर नको झालं असेल. एक गोष्ट मात्र तिने विचारली नाही. बाहेर असलं वादळ आणि घर उबदार कसं? घर गरम होतं, म्हणून कुणी विचारलंच नाही.

तिने तुमचे मोजे काढायला लावले तेव्हा मला कळलं. पायाच्या वरच्या बाजूला फोड आले होते. सकाळपासून त्या भाजलेल्या पायांवर उभ्या होतात काट्यापाशी, आणि मला मानाच्या साडीवरून टोमणे मारत होतात. मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही म्हणालात, "सांगून काय कॉक तुम्ही पायानं फिरवले असते?" मी रागाने तुमच्या पायांना कोरफड लावली. रागानेच लावली. आजही तो राग गेलेला नाही.

आणि आता भांडणाचं मूळ.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. मेकॅनिक येऊन सेफ्टी बदलून गेला, आणि सांगून गेला, कुणीतरी जादा पाणी भरलं होतं. मागोमाग नितीन आला. चेहरा लाल. "कोणी भरलं?" मी तोंड उघडलं, "आम्ही..." आणि तुम्ही मध्ये पडलात. "मी भरलं. सगळं मीच केलं. विहीणबाईंनी हातही लावला नाही."

मी म्हटलं, "खोटं आहे, मीही भरलं."

नितीन माझ्याकडे बघून हसला. त्याचा राग गेला आणि तो चक्क हसला. म्हणाला, "आई, तू कशाला मध्ये पडतेस? तुला काय कळतंय त्यातलं?"

तुमचं खोटं त्याने लगेच खरं मानलं. का मानणार नाही? माझी आई चौथी शिकलेली, ती कॉक फिरवूच शकत नाही. मी तीनदा सांगितलं. त्याला वाटलं मी तुम्हाला वाचवायला सांगते आहे. वर कौतुक केलं माझं, मोठ्या मनाची म्हणून. मोठं मन! मला माझं केलेलं हवं होतं.

तुमच्याशी त्या रात्री बोलले नाही. सकाळी बोलले. तुम्ही चहात साखर ढवळत म्हणालात, "अहो, जावई सासूवर ओरडत नाही. मुलगा आईवर ओरडतो. तुम्हाला दोन तास ऐकावं लागलं असतं. मला दोन मिनिटं मान खाली घालावी लागली. हिशेब सोपा आहे." हिशेब बरोबर होता. तुमचे हिशेब बरोबरच असायचे. त्याचाच तर संताप येतो. तुम्ही माझ्यावरचं ओरडणं घेतलंत हे मला समजतं. पण तो दोष एकटा गेला नाही, प्रमिलाताई. त्याच्याबरोबर ती सगळी दुपारही गेली. जिने हातच लावला नाही, तिने घर गरम कसं ठेवलं असेल? आणि तुमच्याकडे आलं काय? ढुम्म. तुम्हीही नंतर हसायला लागलात, भाच्यांना, शेजाऱ्यांना रंगवून सांगायला लागलात. मी फोनवर म्हणायचे, खरं सांगा त्यांना. तुम्ही म्हणायचात, "जाऊ द्या न, लोकांना हसायला मिळतं." लोकांना हसायला मिळालं आणि आपल्या हातून पोर गेलं.

गेलंच. त्यानंतर जुईला पाळणाघरात घातलं. तळघराच्या दाराला आकड्यांचं कुलूप आलं, बॉयलरला आपोआप पाणी घेणारं यंत्र बसलं. पुढच्या वेळी तुम्ही आलात ती पाहुणी म्हणून, मी आले तीही पाहुणी म्हणून. "आई, तू आराम कर." आराम म्हणजे काय ते खिडकीत बसून कळलं. आपण दोघींनी मिळून एकदा चूक केली आणि एकदा बरोबर केलं. चूक सगळ्यांना माहीत आहे. बरोबर केलेलं फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक आता गेली. साक्षीदाराने असं जायचं असतं का?

सभा संपल्यावर मी नितीनला म्हटलं, "दार उघड तळघराचं."

"आई, आता कशाला? त्या गेल्या ना."

"म्हणूनच. उघड."

त्याने आकडे दाबले. खाली नेलं त्याला. जुने दोन्ही कॉक अजून आहेत, यंत्राच्या शेजारी. म्हटलं, "हात ठेव त्यावर. आता गुडघे वाकव. अजून. माझ्याएवढा हो."

तो वाकला.

"काटा किती आहे सांग."

"दिसत नाहीये."

"मग भरशील कसं?"

"कुणीतरी पुढे उभं राहून सांगायला लागेल." एवढं बोलला आणि तसाच वाकलेला राहिला. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही दोघी... किती वेळ?"

"केतकी येईपर्यंत."

"मला वाटलं बॉयलर चालूच होता गं. नुसतं पाणी सांडलं असं..."

"बंद पडला होता. काटा शून्यावर होता. आम्ही चालू केला. त्यांनी सांगितलं, मी फिरवलं."

"आई, तू हे सांगायचंस ना मला."

कितीदा सांगितलं ते त्याचं त्याने आठवावं. तो पायरीवर बसला, तिथूनच केतकीला नागपूरला फोन लावला. ती ऐकत होती. म्हणाली, "हो. जुई गरम होती. मी उचललं तेव्हा माझेच हात गार होते. मी विचारलंच नाही आईला." मग ती रडली, मला रडणं ऐकवत नाही, मी वर आले.

भाच्याला खरं सांगायचं काम नितीनवर टाकलं आहे. तो सांगेल. नाही सांगितलं तर मी आहे.

तुम्ही माझ्यावर उपकार केलेत असं तुम्हाला वाटत राहिलं असेल तर ते मी मानत नाही. पाण्यातून येऊन मला ओढलंत, ते मानते. मला कॉक दाखवलेत, ते मानते. माझा अर्धा दोष मात्र मी आज परत घेते, आणि त्याच्याबरोबर माझी अर्धी दुपारही. तुमची अर्धी तुमच्या नावावर राहू दे, ती कुणी चेष्टेवारी नेली तर मी भांडेन.

त्या दिवशी रस्ते बंद होते, बॉयलर बंद पडला होता आणि मदतीला कुणी आलं नाही. घरात तुम्ही, मी आणि पाच महिन्यांची जुई, अशा तिघी होतो. तिघी जिवंत राहिलो.